सुलोचनाबाईंचा लांबचा रस्ता

“यात हवामहल कुठाय?” निलयनं विचारलं.

“तिथं माह्यं काय काम?” असं म्हणून सुलोचनाबाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर त्यांनी जयपूर काढलं होतं. मधून रेल्वेची लाईन, कारण मालगाडीच्या गार्डची बायको गाव मोजणार ते लाईनीपासूनच. अलीकडे खातीपुरा, घर, गिरणी, बँक, भाजीचे ठेले. पलीकडे जुनं क्वार्टर आणि पार कोपऱ्यात जगतपुरा, जिथं निलय इंजिनिअरिंगला होता. पाहुण्यांना हौसेनं दाखवावं असं एकही ठिकाण त्यात नव्हतं.

ही परीक्षा होती आणि ते मायलेकांना ठाऊक होतं. गेल्या आठवड्यात भाजीला निघालेल्या सुलोचनाबाई शेजारच्या पृथ्वीराजजींना भलतीकडेच, लाईनीमागच्या कच्च्या रस्त्यावर दिसल्या. त्यांनी तडक पुण्याला निलयला फोन लावला, आंटीजी रास्ता भूल गई हैं. निलय दुसऱ्याच दिवशी हजर झाला, तोही परतीची दोन तिकिटं काढून. बाबांना जाऊन दीड वर्ष झालं, आईची एकटं राहायची हौस आता पुरे, असं त्याचं मत. आईचं मत कुणी विचारलंच नव्हतं. तिला भयंकर राग आला आणि तिनं पैज लावली, की आठवणीतून गाव काढून दाखवते, चुकलं तर मुकाट्यानं येते.

निलयनं पानाचा फोटो काढून तो लॅपटॉपवरच्या नकाशाशेजारी ठेवला आणि एकेका जागेवर आईलाच टिंब द्यायला लावलं. पहिलं टिंब नाल्यात पडलं, दुसरं कुणाच्या तरी गच्चीवर. मग हात बसला. लाईनीमागचा कच्चा रस्ता त्या नकाशात नव्हताच. यात कुणालाही भर घालता येते असं कळल्यावर तो त्यांनी स्वतः आखला, आणि आता हा सगळ्या जगाला दिसेल का, हे दोनदा विचारून घेतलं. निलयलाही मजा येऊ लागली होती.

मग त्याचं बोट थांबलं. घर आणि भाजीचे ठेले यांच्यामध्ये, अगदी सरळ रस्त्यावर, आईचं पान कोरं होतं. नकाशात तिथं मोठी इमारत होती.

“आई, इथे काय आहे? आरामात आठव.” त्याचा आवाज एकदम मऊ झाला.

हा मऊ आवाज सुलोचनाबाईंच्या डोक्यात जायचा. कुणी हातचं जाणार असलं की माणसं याच आवाजात बोलतात, हे त्यांनी ऐकलेलं होतं.

“दवाखाना हाये. तुह्ये बाबा तिथं गेले.”

“मतलब, तुला माहीत आहे?”

“इसरली नाही मी. काढाचा नव्हता म्हणून काढला नाही. त्या दारावरून मी जात बी नाही. मागून जाते, लांब पडते तं पडू दे. पाय माह्ये हायेत. आता हे का पृथ्वीराजजीले सांगत बसू?”

बाबा गेले त्या दिवशी निलयचं विमान उशिरा पोचलं होतं आणि तो थेट घरी आला होता. तोवर बाबांना अंगणात ठेवलेलं होतं. दवाखान्याचं दार त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

संध्याकाळी दोघं भाजीला निघाले. कोपऱ्यावर फोन म्हणाला सरळ जा. सुलोचनाबाई डावीकडे वळल्या. तुला जायचं तर खुशाल सरळ जा, ठेल्यापाशी भेटू, असं त्यांनी मागं न बघताच सांगितलं. निलय सरळ गेला.

लांबून येऊनही त्याच आधी पोचल्या. गवार निवडून झाली, मिरच्या झाल्या, शिळ्या कोथिंबिरीवरून भाजीवाल्याशी वाद घालून झाला, तरी पोराचा पत्ता नाही. अखेर तो आला. डोळे लाल होते आणि फोन खिशात होता. उशीर का झाला, हे त्यांनी विचारलं नाही. भरलेली पिशवी तेवढी त्याच्या हातात दिली.

“एक तिकीट रद्द करतो,” तो म्हणाला.

“कर.”

परतताना तो आईसाठी थांबला नाही. तिच्या आधी तोच मागच्या रस्त्याला वळला.

“खडी हाये, जपून,” सुलोचनाबाई मागून म्हणाल्या.