ताटाच्या कडेचं देठ

मी एक जुनी रहिवासी आहे. पत्ता लिहून घ्या: मुलुंड पूर्व, जान्हवीचं पोट, मोठं आतडं. जंतू म्हणून नाक मुरडू नका, मित्रांनो. रोग करणारे ते वेगळे. आम्ही घरंदाज. तुम्हाला जे पचत नाही ते आम्ही खातो आणि तुमचं आतडं धडधाकट ठेवतो.

आमचं घराणं आईकडून चालतं. मालनआजीकडून तिच्या लेकीला, अक्षताला. अक्षताकडून जान्हवीला, जन्मतानाच. आजीच्या पोटात आमच्या पणज्यांनी नाचणीची भाकरी, कुळीथ, फणसाची भाजी हाणली. जान्हवी लहान होती तेव्हा आमचेही बरे दिवस होते. चवळीची उसळ यायची. ती खेळायची, आम्ही राबायचो. कौतुक कुणी केलं नाही, ते सोडा.

आता बारा वर्षांची झाली आणि आमची वाट लागली. सकाळी बिस्किटं, डब्यात नूडल्स, संध्याकाळी बर्गर. सगळं वरच्या वर जिरतं, आमच्यापर्यंत कणही पोचत नाही. मैद्यावर काय जगायचं, कपाळ? भुकेने आम्ही आतड्याचं अस्तर कुरतडू लागलो. राहत्या घराच्या भिंती खाणं शोभतं का आम्हाला? पण पोरं उपाशी होती. तिकडे जान्हवी चार-चार दिवस संडासात नुसती बसून यायची.

अक्षताने उपाय काय केला? मॉलमधून चांगल्या जंतूंच्या गोड दह्याच्या बाटल्या आणल्या. पाहुणे आले! म्हणाले, “जेवायला काय आहे?” काय वाढू, माझं डोंबल? दोन दिवसांत चालते झाले.

मग आजी बोरिवलीहून आली. लाल माठाची भाजी केली. जान्हवीने पानं खाल्ली आणि देठं ताटाच्या कडेला लावली.

“देठां कित्याक काढतंस गो?”

“दोऱ्यासारखी लागतात, यार!”

“यार कोणाक म्हणतंस? आजी आसंय मी तुझी. चावून खा, नायतर उद्या पण बस थंय संडासात जावन.”

जान्हवी रडकुंडीला आली. एक देठ चघळलं, गिळलं.

एकच! पण किती महिन्यांनी काहीतरी खाली आलं. आम्ही लाखो जणी धावलो. मी पोरांना पुढे केलं. त्या दिवशी भिंतीला कुणी तोंड लावलं नाही.

पण एका देठावर घराणं चालत नाही रे. आणि आजी उद्या परत जाणार. म्हणून सांगते, मित्रांनो, ताटाच्या कडेला काढून ठेवता ते तुमचं नसतंच. तो आमच्या तोंडचा घास आहे. खाली पाठवत जा.