नखातलं ग्रीस

हार्ट अटॅकनंतर तिसऱ्या दिवशी प्लंबरच्या लिव्हरचे आकडे चाळीस पट चढले, आणि त्याच्या बायकोने बोलणंच टाकलं. दारू सोडून त्याला सात वर्षं झाली होती. "पोरांची शपथ, थेंबाला शिवलो नाही," तो काकुळतीने म्हणाला. ती पिशवी उचलून घरी निघून गेली.

सकाळी ती आली तेव्हा डॉक्टरीणबाई खाटेपाशीच होत्या. "दारूने आकडे असे एकदम चढत नाहीत," त्या म्हणाल्या. "अटॅकमध्ये हृदयाचा जोर कमी पडला, लिव्हरला रक्त पोचलं नाही. आता उतरतील आकडे."

"म्हणजे पंप बसला, आणि बोल लागला टाकीला," प्लंबर फणकारला.

डॉक्टरीणबाई हसून पुढच्या खाटेकडे गेल्या.

"मला ठाऊकच होतं," म्हणत बायको संत्रं सोलायला बसली. तिच्या नखांत काळं ग्रीस होतं. त्याच्या दुकानात पाइपांमागे, जिथे तो पूर्वी बाटली लपवायचा, तिथेच त्या ग्रीसचा डबा असायचा.

तो तिच्या बोटांकडे बघत राहिला.

"साबणाने नाही निघायचं ते," तो हळूच म्हणाला. "घासलेट लाव."