भुईमुगाच्या वावरातलं मुसकं

दचकू नका, बोलतोय तो मीच. खुंटीवर लोंबतंय ना, अंबाडीच्या दोरीचं, जाळीदार, टोपलीसारखं? डवरणीला, म्हणजे पिकातलं तण काढताना, किंवा खळ्यावर बैलाच्या तोंडाला बांधतात ते मुसकं, तो मी. माझं काम एवढंच की जनावरानं कामाच्या वेळी चरू नये. या कामाची मला कधी लाज वाटली नाही. आमची जातच ती. पण मी जे पाहिलं, ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म मेहकरच्या बाजूच्या एका खेड्यातला. आमचा वऱ्हाड सध्या मध्यप्रांताला जोडलेला आहे आणि मोठी माणसं कामकाजासाठी नागपूरला जाऊन येतात. मला घडवलं कडूबानं. हा कडूबा दुसऱ्याची शेती बटईनं, म्हणजे अर्ध्या पिकाच्या वाट्यानं, करायचा आणि सवडीला ओट्यावर बसून दोर वळायचा. अंबाडी नाल्यात कुजवायची, वाख सोलायचा, मांडीवर पीळ द्यायचा. हात असा हलका की बैलालाही कधी काच पडला नाही. शेजारी त्याची बायको गोजरबाई निवडटिपण करत बसायची आणि तिचं तोंड अखंड चालू. गावात कोणाचं लग्न मोडलं, कोणाची सासू रुसली, ते सगळं तिच्याकडे. बोलता बोलता गाणं रचायची, आणि गाण्यात कोणालाही सोडायची नाही. मी तिचं बोलणं ऐकतच विणला गेलो.

बटईची जमीन होती शेषरावांची. गावातले सर्वांत मोठे कास्तकार. माणूस वाईट म्हणावा असा नव्हता. एकादशी करत, अडल्यानडल्याला दाणे देत. नागपूरच्या शेती प्रदर्शनातून ते भुईमुगाचं वेड घेऊन आले आणि नाल्याकाठच्या सगळ्या वावरात त्यांनी भुईमूग लावला. पीकही छान आलं. दुखणं एकच. शेंगा तोडायला बसलेल्या बाया तोडता तोडता चार शेंगा तोंडात टाकायच्या. ओल्या शेंगा पुढ्यात असताना कोण टाकणार नाही, सांगा. पण शेषरावांना झोप येईना.

त्यांनी आधी नामी युक्ती काढली. बायांनी काम करताना गाणं म्हणायचं. गाणारं तोंड खात नाही. प्रत्येकीचं गाणं वेगळं, म्हणून कोण गप्प झालं ते कळेना. मग सगळ्यांनी एकच गाणं म्हणायचं, असा हुकूम निघाला. शेषराव बांधावर बसून कान देत. तिसऱ्या का चौथ्या दिवशी गोजरबाईनं त्याच चालीवर आपली ओळ जोडून दिली:

शेषराव धनी बसे बांधावरी,
आमच्या तोंडाची राखन करी!

सगळ्या बाया पोट धरून हसल्या. हसता हसता शेंगाही गेल्या पोटात. शेषराव उठले आणि थेट कडूबाच्या ओट्यावर आले.

"कडूबा, लहान मापाची मुसकी पाह्यजेत. जाळी बारीक ठेव."

"वासरायसाठी का मालक?"

"हाव, तसंच समज."

वासरू गाईला फार लुचत असेल तर त्याला मुसकं बांधतात, त्यात नवल काही नाही. कडूबानं मन लावून आमचा ढीग विणला. कोवळ्या तोंडाला टोचू नये म्हणून काठ दुहेरी केले. मलाही वाटलं, चला, वासरांत दिवस जातील. दुधाचा वास येईल.

गोणी उघडली ती वावरात. शेषरावांचे कारभारी उकंडराव म्हणाले, "बायांनो, एकेक घ्या अन् तोंडाले बांधा." बाया हसल्या. त्यांना थट्टा वाटली. मलाही वाटली, खोटं कशाला सांगू! मग उकंडरावांनी पहिल्या बाईच्या मागं जाऊन खरोखरच गाठ मारली आणि सगळं वावर चिडीचूप झालं.

मी गोजरबाईच्या वाट्याला आलो. तिनं मला असं भिरकावलं की मी ढेकळांत जाऊन पडलो. तोंडात माती गेली, पण जिवाला बरं वाटलं.

"मी काय ढोर आहो का? काऊन बांधू?"

शेषराव आवाज चढवणाऱ्यांतले नव्हते. "जबरदस्ती नाही, गोजरबाई. तू घरी जा. कडूबाची बटई पुढल्या साली कोनाले द्याची, ते मंग पाहू."

ती उभी राहिली. चार बायांकडे पाहिलं. चौघींनी खाली पाहिलं. मग ती वाकली, मला उचललं, पदरानं माती झटकली आणि तोंडाला लावलं. अहो, माणसाच्या तोंडाला! तिचा ऊन श्वास माझ्यातून येत-जात होता आणि माझा दोर न् दोर शहारत होता. बैलाचं नाक आमच्या जातीला ठाऊक, लाळ ठाऊक. ओठ थरथरतात ते मला ठाऊक नव्हतं.

आणि एक सांगतो, ज्यानं मी आजही हादरतो. मी जाळीचा आहे. माझ्यातून शेंग जात नाही, शब्द जातो. ती बोलू शकत होती, गाऊ शकत होती. त्या सगळ्या जणी बोलू शकत होत्या. दिवस मावळेपर्यंत त्या वावरात एक शब्द उमटला नाही.

जिचं मुसकं तिनं घरी न्यायचं आणि सकाळी घेऊन यायचं, असं ठरलं. दिवेलागणीला कडूबानं मला तिच्या हातात पाहिलं.

"हे वासराचं इथं कसं आलं?"

"वासराचं नाही. माह्यं हाय."

त्यानं तिच्या गालावरचे वळ पाहिले. आपलीच वीण ओळखली. त्याचा चेहरा राखेसारखा झाला. कोपऱ्यात विळा होता, आणि मी मनोमन म्हणत होतो, घे, काप मला, तुकडे कर आणि चुलीत घाल. त्यानं मला हातात घेतलं. मग माझ्या काठावरून बोट फिरवत हळूच विचारलं,

"इथं बोचते का वं? सैल करून देतो."

गोजरबाई, जिच्या तोंडाला गाव भीत होतं, ती म्हणाली, "हाव. कानामागं थोडं."

त्यानं सैल करून दिलं. फार मायेनं दिलं. त्याचा राग करावा की कीव, मला अजून कळलेलं नाही. मला विळ्याचा घाव चालला असता, ती माया सोसवली नाही.

पुढं माणसं रुळली. तुमची ही एक गोष्ट मला बैलांत कधी दिसली नाही. बाया आपापल्या मुसक्याला चिंध्या लावू लागल्या, म्हणजे ओळखू यावं. कोणी लाल, कोणी पिवळी. झुंबरबाईनं तर कवडी ओवली. गोजरबाईनं आपल्या हिरव्या लुगड्याचा काठ फाडून माझ्या आत शिवला, गालाला मऊ लागावा म्हणून. सगळ्यांची तोंडं झाकून एकसारखी झालेली. कोण कोण आहे ते आता आमच्यावरून कळायचं.

एके दिवशी दुपारच्या भाकरीनंतर झुंबरबाईनं चुकून मला उचललं. आणि किती दिवसांनी मी गोजरबाईचा तो जुना, खणखणीत आवाज ऐकला. मला वाटलं, आली! फुटला बांध! आता ही शेषरावांना सोडत नाही.

"ठेव वं ते! माह्यं हाय ते! तुह्यं तू घाल!"

दोघी झोंबल्या. माझ्यासाठी. एकीनं वेणी धरली, दुसरीनं हात ओरबाडला. शेवटी गोजरबाईनं मला हिसकून घेतलं, छातीशी धरलं आणि धापा टाकत स्वतःच्या हातानं बांधलं. बांधावर शेषराव उकंडरावांना म्हणाले, "पाह्यलं? आता सांगा लागत नाही." त्या दिवसापासून ते बांधावर बसायचेच बंद झाले. गरजच उरली नाही.

हंगाम सरला. वर्षभर मी या खुंटीवर आहे. खाली ती दळते, निवडते, भाकरी थापते. गाणं नाही. कोणी काही विचारलं तर आधी दाराकडे पाहते, मग तेवढंच उत्तर देते.

आज सकाळी नवा हंगाम सुरू झाला. कडूबानं मला खाली काढलं, धूळ झटकली आणि गोजरबाईच्या तोंडाशी आणलं. बैलाला बांधायला गेलं की तो दर वर्षी मान झटकतो. पाठीत आसूड बसतो, तरी झटकतो. पुढल्या वर्षी पुन्हा झटकतो. मी वाट पाहत होतो.

तिनं डोळे मिटले आणि मान पुढे केली.

आता दिवेलागण झाली, मी पुन्हा खुंटीवर आहे. गोजरबाई, माझी गाठ एका हिसक्यात सुटणारी आहे. मी तुझा कोणी नाही; 'माह्यं हाय' म्हणावं असा तर मुळीच नाही. उद्या एकदा, फक्त एकदा, मान झटक.