दार उघडं आहे

मी लॉग पाइपलाइन सांभाळते, असं एकदा भावोजींना सांगितलं, आणि तेव्हापासून घरातला नळ गळायला लागला की पाना माझ्या हातात येतो. खरं तर माझं काम समजायला सोपं आहे. प्रत्येक मशीनला बडबड करायची खोड असते, तिलाच लॉग म्हणतात. मी सुरू झालं, मी थकलं, माझ्याकडे हे आलं, ते गेलं. ही बडबड एका ठिकाणी गोळा करायची, त्यातली कामाची तेवढी निवडायची आणि ज्याला कळायला हवी त्याच्यापर्यंत पोचवायची. यात नळ कुठेच येत नाही, पण भावोजींना ते कोण पटवून देणार?

भावोजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. ताईचा फुलांचा धंदा आहे. घराच्या मागच्या अंगाला तिची कोल्ड रूम आहे, चांगली जाडजूड दाराची. तिच्यात बादल्यांमधून गुलाब, लिली, कार्नेशन चार डिग्रीवर उभी असतात. मी वरच्या मजल्यावर राहते आणि तिथूनच ऑफिसचं काम करते. मला चाळिशी लागून वर्षं झाली, तरी ताईच्या तोंडी मी अजून 'बारके'च आहे.

ताईची लेक लांबच्या शहरात असते. तिचं पहिलंच बाळंतपण, आणि जावई बोटीवर नोकरीला. तो किनाऱ्याला लागेपर्यंत बाळ येऊन पोचणार हे उघड होतं. "आई, तू येशील ना?" असं भाची रोज फोनवर विचारायची आणि ताई रोज "बघते गं" म्हणायची. ताई 'बघते' म्हणाली की ते होत नाही, हे तिच्या लेकीला पाळण्यापासून ठाऊक आहे.

कारण होतं ती कोल्ड रूम. गेल्या वर्षी ताई एकदाच रात्रभर बाहेर राहिली होती. नेमका तेव्हाच कॉम्प्रेसर बंद पडला. भावोजी एका गिऱ्हाइकाशी गप्पा मारत बसले होते, त्यांना पत्ताच नाही. ताई परत आली तेव्हा आख्खी खोली माना टाकून पडली होती. ती भांडली नाही. भांडली असती तर भावोजींना बरं वाटलं असतं. तिने फक्त घर सोडून जायचं बंद केलं.

म्हणून मी हे अंगावर घेतलं. आमच्या इलेक्ट्रिशियनने कोल्ड रूममध्ये एक डबा बसवला. आत किती थंड आहे आणि दार उघडं की बंद, एवढं त्या डब्याला कळतं, आणि काही घडलं की तो वेब रिक्वेस्टने कळवतो. आपण ब्राउझरमधून एखाद्या पत्त्यावर जाऊन पान मागतो ना, तसाच हाही एका पत्त्यावर जातो. फक्त मागत काही नाही, सांगून येतो. त्या पत्त्यावर त्याचं ऐकून घेणारं कुणीतरी बसवणं हे माझं काम.

मी मांडणी केली. कोणत्या पोर्टवर, म्हणजे मशीनच्या कोणत्या खिडकीला, कान लावायचा, कोणत्या पत्त्यावर आलेलं घ्यायचं, सोबत ठरलेली गुप्त किल्ली नसेल तर उंबऱ्यावरूनच कसं परत पाठवायचं, सगळं सेटिंगच्या फाइलमध्ये लिहिलं. पुढे चाळण लावली. तापमान सहाच्या वर गेलं किंवा दार अर्ध्या मिनिटाहून जास्त उघडं राहिलं, तर ताई, भावोजी, मी आणि इलेक्ट्रिशियन, चौघांच्या फोनवर संदेश.

पहिल्या दिवशी काहीच येईना.

"मॅडम, माझा डबा पाठवतोय," इलेक्ट्रिशियन फोनवर म्हणाला.

"आणि माझा प्रोग्राम ऐकतोय," मी म्हणाले.

"मग मधल्या मध्ये जातंय कुठे?"

"तुम्हीच सांगा, वायर तुमची आहे."

अशी आमची बरीच जुंपली. आवाज माझाच जास्त होता. मग लक्षात आलं की मी प्रोग्रामला फक्त स्वतःच्याच मशीनवरून आलेलं ऐकायला सांगून ठेवलं होतं. बाहेरून डबा घसा फोडून ओरडत होता आणि हा आपला शांतपणे स्वतःचंच ऐकत बसला होता.

"आपल्याच घरातला दिसतोय," ताई माझ्याकडे बघत म्हणाली. मी निमूटपणे ती ओळ बदलली आणि इलेक्ट्रिशियनची माफी मागितली. त्यानेही मोठ्या मनाने ती दोनदा मागवून घेतली.

मग ताईने परीक्षा ठेवली. एक दिवस ती समोरच्या शिंपीणकाकूंच्या दुकानात जाऊन बसणार, घराकडे ढुंकूनही बघणार नाही, सगळं फोनवर सोपवणार. जमलं तर तिकीट काढायचं. तिने माळ्यावरून बॅगही काढून ठेवली. ती बॅग बघून मलाच भरून आलं.

सकाळी एक टेम्पो आला, माल उतरवताना दार उघडं राहिलं, आणि चौघांचे फोन वाजले. 'दार उघडं आहे.' मी खूश झाले. थोड्या वेळाने पुन्हा वाजले. पुन्हा 'दार उघडं आहे.' मग पुन्हा. टेम्पो केव्हाच गेला होता. तरी फोन थांबायचं नाव घेईनात.

आमच्या धंद्यात एक फजिती ठरलेली असते. पाइपलाइन स्वतःची बडबडही स्वतःकडेच पाठवते, तिच्यावर आणखी बडबड करते, तीही गिळते, आणि असं ते वाढतच जातं. मला वाटलं, झालं, आपणच आपल्या शेपटीमागे धावतोय. मी फाइल ओळ न् ओळ वाचून काढली. चूक सापडेना. इलेक्ट्रिशियनवर एकदा ओरडून झालंच होतं, परत ओरडायची सोय नव्हती. शेवटी जिना उतरून कोल्ड रूमकडे गेले.

भावोजी दार सताड उघडं टाकून आत उभे होते, अगदी शेवटच्या मांडणीपाशी, तिथे लटकवलेला जुना थर्मामीटर वाचत.

"काय करताय?"

"मेसेज आला ना, दार उघडं आहे म्हणून. बघायला आलो."

"मग, उघडं होतं?"

"नाही गं, बंद होतं."

"मग?"

"मग उघडून बघितलं, आत सगळं ठीक आहे ना."

मी कपाळावर हात मारला. त्यांचा फोन पुढच्या खोलीत टेबलावर चार्जिंगला. ते इथे आत उभे राहिले की तिथे संदेश यायचा. ते परत जाऊन बसले की त्यांना तो दिसायचा. दिसला की हे पुन्हा मागे, दार उघडायला. माझी पाइपलाइन चोख काम करत होती. शेपटीमागे धावत होते ते भावोजी.

"निदान आत गेल्यावर दार तरी लावून घ्या," मी ओरडले.

"आणि आत अडकलो तर?"

"आतून उघडायला दांडा आहे की!"

"असू दे. कॉम्प्रेसरही होताच की," ते म्हणाले.

तेवढ्यात ताई धापा टाकत रस्ता ओलांडून आली. तिने दार बघितलं, आम्हा दोघांना बघितलं, आणि आत जाऊन बॅग माळ्यावर ढकलून दिली. संध्याकाळी भाचीचा फोन आला. ताई म्हणाली, "बघते गं." मग भाची म्हणाली, "नको येऊस आई. मी करेन माझं माझं." रडली असती तर बरं होतं. ती अगदी समजूतदारपणे बोलली, आणि ताई फोन ठेवल्यावरही तशीच उभी राहिली.

भावोजी जिना चढून वर आले. ते कधी वर येत नाहीत, गुडघे कुरकुरतात. वरच्या पायरीवर बसून म्हणाले, "मला त्या मेसेजमधून काढून टाक. मी असलो की घोटाळा होतो."

माझा राग पार उतरला. या माणसाला वर्षभर कुणी एका शब्दाने बोललं नव्हतं, आणि वर्षभर तो स्वतःच स्वतःला बोलत होता. त्यांना काढून टाकणं दोन मिनिटांचं काम होतं. पण डबा नुसता सांगतो. त्याचं ऐकून धावायला घरात माणूस एकच होता. त्याला पळायला नव्हे, आपण बघितलं हे सांगायला जागा हवी होती.

आणि पाइपलाइनला कुणाचंही सोयरसुतक नसतं. पत्ता बरोबर असला, किल्ली बरोबर असली, की ती घेते. डब्याने पाठवलेलं घेते तशी माणसाने पाठवलेलंही घेईल. मी भावोजींच्या फोनवर एक छोटं पान करून दिलं. त्यात एकच बटण, 'बघितलं'. खाली दोन शब्द लिहायला चौकट. बटण दाबलं की तीही एक रिक्वेस्ट, त्याच पत्त्यावर, आणि तिथून चौघांच्या फोनवर. ताईच्या फोनवरही तसंच पान टाकलं. दार लागलं की 'दार बंद' असंही सगळ्यांना कळवायचं, हे मला आधीच सुचायला हवं होतं, ते आता केलं. इलेक्ट्रिशियनने येऊन त्या जुन्या थर्मामीटरची तबकडी दाराबाहेर आणून लावली, वायर आत, तबकडी बाहेर. आता दार न उघडता बघता येणार होतं.

भावोजींनी पडद्यावर यादी बघितली. कोण काय पाठवतं, त्याची. "माझं नाव डब्याच्या खाली का?"

"तो आधी आला."

"बरं," ते म्हणाले, पण त्यांना ते लागलं.

ताईला परत शिंपीणकाकूंकडे पाठवणं ही काही सोपी गोष्ट नव्हती. मी तिला अक्षरशः हाताला धरून रस्त्यापलीकडे नेलं आणि शेजारी बसून राहिले. दुपारी फोन वाजला. 'डबा: दार उघडं आहे.' ताई अर्धी उठली. मी तिचा पदर धरला. मग 'डबा: दार बंद.' आणि त्याच्याखाली 'भावोजी: बघितलं. चार डिग्री. टेम्पोवाल्याने उघडं टाकलं होतं, मी लावलं.' ताईने ते वाचलं, पुन्हा वाचलं. त्यानंतर दिवसभर फोन वाजला नाही.

"बारके," ती शेवटी म्हणाली, "माळ्यावर माझा हात पोचत नाही आता. बॅग काढून दे."

ती लेकीकडे गेली. पाइपलाइन माझी असल्यामुळे सगळं माझ्या डोळ्यांसमोरून जायचं, त्याला माझा इलाज नव्हता. 'भावोजी: बघितलं. साडेतीन डिग्री. तू जेवलीस का?' 'ताई: जेवले. लिलीचं पाणी बदला.' 'भावोजी: बदललं. घर मोठं वाटतं.' त्या दोघांनी उभ्या संसारात एकमेकांना एक चिठ्ठी लिहिलेली नाही. ऑफिसात अशा मजकुराला आम्ही कचरा म्हणतो आणि चाळणीतच अडवतो. मी चाळण सैल केली.

मग एका सकाळी ताईकडून काहीच येईना. भावोजी मात्र सारखे पाठवत होते. 'बघितलं. चार.' 'बघितलं. चारच.' कुणी विचारलं नव्हतं, दार उघडलं नव्हतं. दुसरं काय करावं हे त्यांना सुचत नव्हतं. मीही लॅपटॉपसमोर बसून ऑफिसचं काहीही करत नव्हते.

आणि फोन वाजला. 'ताई: मुलगी झाली. दोघी छान आहेत. नाक तुमच्यावर गेलंय, इलाज नाही.'

मी ओरडतच जिना उतरले. मध्येच इलेक्ट्रिशियनचा फोन आला. "मॅडम, मलाही मेसेज आला. यात मी काही दुरुस्त करायचं आहे का?" त्याला म्हटलं, नाही, नाक आता राहू दे तसंच. तोही पलीकडे मोठमोठ्याने हसायला लागला.

पुढच्या खोलीत भावोजींची खुर्ची रिकामी होती. मी मागे गेले. कोल्ड रूमचं दार सताड उघडं, आणि ते आत गुलाबांच्या बादल्यांमध्ये माझ्याकडे पाठ करून उभे. खांदे हलत होते. माझ्या हातातला फोन वाजला. 'डबा: दार उघडं आहे.' एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. आज मी उंबऱ्यातच थांबले.

लगेच ताईचा फोन आला. मागे एक नवाकोरा आवाज टाहो फोडत होता.

"बारके, दार उघडं आहे."

"हो."

"हे आत आहेत ना?"

"हो."

"रडतायत?"

मी परत बघितलं. "हो गं."

ताईचाही आवाज काही धड नव्हता. "त्यांना म्हणावं, हवं तेवढं रडा. पण दार लावून घ्या. आत फुलं आहेत."

मी निरोप सांगितला. भावोजींनी वळून बघितलं, बाहीने नाक पुसलं. मग दारापाशी आले, माझ्याकडे बघून ओशाळं हसले, आणि आत राहूनच त्यांनी दार ओढून घेतलं.

फोन वाजला. 'डबा: दार बंद. पाच डिग्री.'

ताई अजून फोनवरच होती. "बघितलं," ती म्हणाली.