बिनआवाजाचा कॉम्प्युटर

अमिषा घरत लग्न होऊन उरणजवळच्या त्या गावात आली तेव्हा तिच्या सामानात एक कॉम्प्युटर होता. गुडघ्याच्या वर येणारा, काळा, आणि चालू केला की दूरवरून पिठाची गिरणी ऐकू यावी तसा घरघरणारा. अलिबागच्या एका आर्किटेक्टसाठी ती घरांचे नकाशे काढायची. किहीमच्या नारळीच्या वाड्यांमधून जे बंगले उभे राहत ते आधी ओटीलगतच्या तिच्या छोट्या खोलीत, पडद्यावरच्या पांढऱ्या रेघांत उभे राहत. खोलीच्या खिडकीतून पूर्वी मिठागर दिसायचं म्हणे. आता तिथे कंटेनरच्या थप्प्या होत्या, लाल, निळ्या, मधूनच एखादी पिवळी, आणि त्यांच्यापलीकडे आभाळ.

घरात माणसं तीनच. ती, ट्रेलरच्या धंद्यापायी दिवसभर बंदराच्या रस्त्यावर असणारा नवरा विनेश, आणि सासू कमळबाई. कमळबाईंनी तरुणपणी त्याच मिठागरावर फावडं चालवलेलं होतं. सुनेचं काम त्यांना समजत नसे, पण त्याचा आवाज त्यांनी पहिल्याच महिन्यात ओळखून घेतला होता. खोलीतून घरघर येते आहे म्हणजे सून कामात आहे, तिला हाक मारायची नाही, हे कुणी न सांगता त्यांनी ठरवलं आणि शेजारणींनाही सांगून ठेवलं. आपल्याला त्या घरात एवढं निवांतपण कशामुळे मिळतं याचा विचार अमिषानं कधी केला नव्हता.

मग कमळबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, जिना चढणं बंद झालं, आणि त्यांची खाट खाली, अमिषाच्या खोलीच्या भिंतीपलीकडे आली. तक्रार त्यांनी केली नाही. एकदा फक्त दुपारी उठून बसल्या आणि म्हणाल्या, "तुझा मशीन माझ्या उशीतच वाजतंय गो."

अमिषाला वाईट वाटलं. तसाही तो कॉम्प्युटर जुना झाला होता, खोली तापवायचा, आणि मोठा नकाशा उघडला की त्याचे पंखे विमान उडाल्यासारखे ओरडायचे. नाक्यावर हर्षदचं दुरुस्तीचं दुकान होतं. तो विनेशचा शाळेतला मित्र. घरी येऊन त्यानं कॅबिनेट उघडलं, तर आत धुळीचा जाड थर आणि खाऱ्या हवेनं गंजून गेलेले स्क्रू.

"ह्यात ठेवण्यासारखं काही नाही, वहिनी," तो म्हणाला. "तुमचं काम सगळं नव्यात टाकतो, आणि हे धूड मी घेऊन जातो."

नवा आला तो मिठाईच्या खोक्याएवढा होता. पंखा नाहीच, करड्या धातूचं अंगच उष्णता बाहेर टाकतं, असं हर्षदनं सांगितलं. त्यानं बटण दाबलं तेव्हा एक बारीक दिवा लागला आणि बाकी काहीच झालं नाही.

"चालू झाला?" अमिषानं विचारलं.

"झाला की. हीच तर त्याची गंमत आहे."

टेबलाखाली जुन्या कॅबिनेटच्या जागी लादीचा एक स्वच्छ चौकोन राहिला होता. लग्नानंतर पहिल्यांदाच अमिषाला तिथे पाय लांब करून बसता आलं.

सुरुवातीला तिला ती शांतता फार आवडली. माउसची टिकटिक, कंटेनर उचलणाऱ्या क्रेनचा दुरून येणारा भोंगा, स्वतःचा श्वास, असं एकेक करून सगळं ऐकू यायला लागलं. त्रास एवढाच झाला की कमळबाई सारख्या दारात येऊ लागल्या. आत काही वाजत नाही म्हणजे सून मोकळी, असं त्यांना वाटे. कधी त्या मीठ कुठे ठेवलं ते विचारत, कधी नुसत्याच डोकावत. "झोपलीस का काय, बघाया आले." अमिषा हसून उत्तर द्यायची आणि वळून पडद्याकडे पाहायची तोवर मनातलं माप विसरलेलं असायचं.

मग केव्हातरी त्यांचं येणं थांबलं. अमिषाला ते कळायलाच काही दिवस लागले. एका दुपारी जेवताना तिनं विचारलं, "आई, हल्ली तुम्ही डोकावत नाही खोलीत?"

"तुझा काम चालू असतं ना. मशीन वाजत असतं."

"नवीन वाजत नाही, आई. त्याला आवाजच नाही."

"वाजतं तर," कमळबाई भात कालवत म्हणाल्या. "पैल्यासारखा न्हाय. बारीक. बरा वाटतं, झोप लागते."

अमिषानं त्याच संध्याकाळी खोलीचं दार लावून कान त्या करड्या डब्याला टेकवला. कोमट धातू, बाकी काही नाही. तिला भीती वाटली नाही. उलट एखादा कोपरा नव्वद अंशांत का बसत नाही हे शोधताना जी उत्सुकता वाटे तीच वाटली. तिनं हर्षदला फोन केला. तो हसला. "वहिनी, त्यात फिरणारं काहीच नाही. वाजणार काय?"

दुसऱ्या दिवशी कमळबाई खाटेवर पडल्या होत्या तेव्हा तिनं आपल्या खोलीतून त्यांना मोबाइलवर फोन लावला आणि म्हणाली, "आई, गंमत म्हणून विचारते. आता आवाज येतोय?"

"येतंय."

तिनं कॉम्प्युटर बंद केला. दिवा विझला. "आता?"

"येतंय गो."

तिनं भिंतीतून प्लग काढला, वायर हातात धरली. "आणि आता?"

"तसाच हाय."

मग कसं सुचलं कोण जाणे, ती फोन कानाला धरून पाय न वाजवता ओटीवरून अंगणात गेली, घराला वळसा घालून आपल्याच खोलीच्या खिडकीशी उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "आता काय ऐकू येतं, आई?"

फोनमध्ये खाट करकरली. कमळबाई भिंतीकडे वळून ऐकत असाव्यात. "आता तू जोरात काम करतेस," त्या म्हणाल्या. "बटनांची खटखट आयकू येतंय. फोन ठेव, मना झोपू दे."

जाळीच्या खिडकीतून अमिषानं आत पाहिलं. खुर्ची रिकामी होती. पडदा काळा होता. तिनं कान जाळीला लावला, अगदी गालावर जाळीचे ठसे उमटेपर्यंत, पण तिला फक्त रस्त्यावरून जाणारा एक ट्रेलर ऐकू आला.

विनेश जेवायला बसला तेव्हा तिनं विषय काढला, जरा चेष्टेनंच. आईंना म्हणे नव्या मशीनचा आवाज येतो.

"येतो की," विनेश म्हणाला. "मला वाटलं तुला माहीत असेल. परवा दुपारी मी आलो होतो ना घरी, तू काम करत होतीस. म्हटलं डिस्टर्ब नको. घेतलं वाढून आणि गेलो."

परवा दुपारी अमिषा उरणच्या बाजारात होती. ते तिच्या ओठावर आलं, आणि तिनं घास घेतला. सांगितलं असतं तर विनेश उठून खोलीत गेला असता, दिवा लावला असता, हर्षदला बोलावून तो डबा उघडून पाहिला असता, आणि जे काही होतं ते लाजून गप्प झालं असतं, असं तिला वाटलं. तिला आधी ते स्वतः ऐकायचं होतं. सगळ्या घराला ऐकू येतं आणि जिची ती खोली तिलाच येत नाही, याचं भीतीपेक्षा तिला वैषम्यच जास्त वाटत होतं.

म्हणून ती पाळत ठेवायला लागली. काम असो नसो, बाहेर जाते असं मोठ्यानं सांगून ओटीवर येऊन बसे. मोबाइल खोलीत ठेवून आवाज टिपून पाही; त्यात क्रेनचा भोंगा आणि कावळे सापडत. एकदा स्वयंपाकघरातून येताना तिला खोलीच्या उंबऱ्याशी चहाचा कप दिसला. कमळबाईंनी ठेवला असणार, कामात व्यत्यय नको म्हणून. कप तिनं उचलला तर तो रिकामा होता, आणि तळाशी उरलेली साखर अजून गरम होती. तिनं तो धुऊन पालथा घातला. दाराआड उभं राहून वाट पाहिली असती तर काय दिसलं असतं, या विचारानं तिचं दिवसभर कशात लक्ष लागलं नाही.

याच सुमारास घरातली माणसं तिला पाहून दचकायला लागली. ती मागून येऊन डबा घ्यायची आणि कमळबाईंच्या हातातून पळी सुटायची. "कवा आलीस गो? पाय वाजतच न्हायत तुझे." विनेश टीव्हीवरून नजर वळवायचा, तिच्याकडे आणि मग तिच्या खोलीच्या दाराकडे पाहायचा, आणि म्हणायचा, "तू इकडे आहेस होय." दोघंही घरात हळू बोलू लागले होते. तिनं काही विचारलं तर उत्तर यायला मध्ये थोडा वेळ लागायचा, लांबच्या देशातल्या माणसाशी फोनवर बोलताना लागतो तेवढा. पायांत पैंजण घालून पाहावेत असं एकदा तिच्या मनात आलं आणि तिचं तिलाच हसू आलं.

त्या आठवड्यात किहीमच्या एका जागेची मापं चुकल्याचं आर्किटेक्टनं कळवलं. अमिषा टेप घेऊन सकाळच्या बसनं स्वतःच गेली. वाडीत सावली होती, समुद्रावरून वारा येत होता, आणि माळ्यानं टेपचं दुसरं टोक धरून तिच्याशी खूप गप्पा मारल्या. कुठल्या तुम्ही, कुणाच्या, घरी कोण कोण असतं. तिनं सगळं सांगितलं. आपला आवाज बाहेर नीट ऐकू येतो हे लक्षात येऊन तिला बरं वाटलं.

ती परत आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. ओटीवर कमळबाई आणि शेजारच्या इंदूबाई सुपात वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. अमिषा फाटक लावून आत आली. कमळबाईंनी मान वर करून पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. ते हसू अमिषानं यापूर्वी पाहिलेलं होतं. पण स्वतःसाठी कधी नाही.

"या," कमळबाई म्हणाल्या. प्लास्टिकची खुर्ची त्यांनी पदरानं पुसली आणि पुढे सरकवली. "बसा. उन्हाच्या आल्याव. अमिषाकडं काम हाय ना?"

आई, मी, एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. ते तोंडात तयारही होते. पण इंदूबाईंनी तोंडावर बोट ठेवून खोलीच्या बंद दाराकडे मान केली, आणि अमिषाच्या मनात सगळ्यात आधी आलं ते हे, की आता तरी ऐकू येईल.

"हो," ती म्हणाली, आणि बसली.

"काम चालू हाय तिचा," कमळबाई हळू आवाजात म्हणाल्या. "आवाज थांबला का येल भायेर. पानी देव का?"

अमिषानं मानेनंच नको म्हटलं. पिशवी मांडीवर घेऊन ती ऐकत राहिली. शेंगा सोलल्याचा आवाज होता, रस्त्यावर एक ट्रेलर गिअर बदलत होता, कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. भिंतीपलीकडून काही नाही. ती डोळे मिटून, श्वास धरून ऐकत राहिली, आणि तरीही काही नाही.

मग एकदम ते थांबलं. कितीतरी वेळ, कदाचित कितीतरी दिवस, तिच्या कानांत अखंड भरून राहिलेलं काहीतरी थांबलं, आणि त्याच्या थांबण्यातूनच तिला समजलं की ते होतं.

आत खुर्ची मागे सरकली.

"झाला," कमळबाई म्हणाल्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, हात झटकले आणि कौतुकानं दाराकडे पाहिलं. अमिषाही उठली. परक्या घरी गेल्यावर आतलं माणूस बाहेर येताना आपण उभं राहतो तशी, ओढणी नीट करत, चेहऱ्यावर ओळख करून घेण्यापुरतं हसू आणून.