एकशे एक्याण्णव नंबरचं पत्र

वैजनाथने दोन्ही मोबाइल टेबलावर पालथे घातले, त्यांच्यावर जाडजूड टेलिफोन डिरेक्टरी ठेवली आणि तिसऱ्यांदा तीच आज्ञा टाइप केली. पडद्यावर तिसऱ्यांदा तेच उत्तर आलं. सर्व्हरची डिस्क शंभर टक्के भरली होती. डिरेक्टरीखाली फोन थरथरत राहिले.

सकाळचे साडेदहा वाजले होते. लोणी काळभोरच्या एका कॉलेजची प्रवेशयादी अकराला साइटवर लागायची होती, आणि साइट उघडली की नुसतं पांढरं पान दिसत होतं. त्याच यंत्रावर स्वारगेटचा स्पेअर पार्टवाला होता, दोन मंगल कार्यालयं होती, एक पंचांगवाले होते. अशा एकूण छत्तीस साइट. यंत्र अमेरिकेतल्या कुठल्याशा गावात भाड्याने घेतलेलं. वैजनाथने ते कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, पण कात्रजच्या या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बसून तो त्याला गेली चार वर्षं हाकत होता.

माणूस हुशार होता, त्याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. परभणीहून डिप्लोमा घेऊन आला, हिंजवडीत नोकरी धरली आणि दीड वर्षात सोडली, कारण एका खुर्चीवर नऊ तास बसणं त्याला जमेना. पायाला भिंगरी असते म्हणतात, त्याच्या बोटांना होती. चालू असलेली गोष्ट उघडून बघायची, बदलायची, पुन्हा चालू झाली की तिच्याकडे पाठ फिरवायची आणि पुढची उघडायची. पाठ फिरवल्यावर ती गोष्ट चालतेय की नाही, हे बघायला पुन्हा जाणं मात्र त्याच्या जिवावर यायचं.

डिस्क कशाने भरली ते त्याला न बघताही माहीत होतं. प्रत्येक सर्व्हरवर एक टपालपेटी यंत्राच्या मालकाच्या नावाने असते. यंत्र तिच्यात आपली रोजची कुरकुर टाकत राहतं. हे काम झालं, ते राहिलं, अमक्याने चुकीचा पासवर्ड टाकला. ही कुरकुर कोणी वाचत नाही. पेटी फुगली की एका ओळीच्या आज्ञेने ती रिकामी करायची, रद्दीवाल्याला गठ्ठा न सोडताच द्यावा तशी. वैजनाथने ती दोनदा केली होती, लागोपाठच्या दोन दिवाळ्यांना.

ती ओळ त्याने टाइप केली. करंगळी एंटरवर टेकली. पण आठ महिन्यांत पेटी पुन्हा इतकी कशी फुगली, कोण एवढं कुरकुरतंय, हे एकदा बघावं असं त्याला वाटलं आणि त्याने शेवटच्या दोनशे ओळी पडद्यावर मागवल्या. इंग्रजीतल्या त्याच त्या तक्रारी सरसर वर सरकल्या. त्यांच्या मधोमध इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेली एक ओळ होती.

‘प्रेमलाकाकूंची तब्येत आता कशी आहे?’

वैजनाथ खुर्चीतून उठला. खिडकीपर्यंत गेला आणि परत येऊन बसला.

प्रेमलाकाकू म्हणजे घरमालकीणबाई. खाली पहिल्या मजल्यावर त्या आणि भीमरावकाका राहत. काकांनी चौतीस वर्षं रेल्वेच्या टपाल डब्यात उभ्याने पत्रं लावली होती, या खणात नागपूर, त्या खणात अकोला. निवृत्त झाले आणि पाचेक वर्षांत काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. हात पुढे थोडा सुधारला, बोलणं गेलं ते गेलंच. राहिलं एक गाणं. काकूंच्या माहेरी, हिंगोलीकडच्या खेड्यात, बाया दळताना म्हणत ते. समोरच्या इमारतीतली पिठाची गिरणी संध्याकाळी पाचला सुरू झाली की तिच्या घरघरीवर काकू गायला लागत.

‘माझ्या माहेराच्या वाटं, बाई विहिरी गं तीन
एकीला पहारा, दुसरीला कुलूप जुनं...’

इथवर येत आणि अडत. पुढची ओळ सापडत नसे. पुन्हा पहिल्यापासून सुरू करत, पुन्हा तिथेच अडत. गिरणी बंद होईपर्यंत हेच चाले. शेवटी शेवटी त्यांचा चांगला हात चादर ओढत राही, डोळ्यांत पाणी येई. माहेरचं कोणी उरलं नव्हतं. काकांनी ते गाणं दळणाच्या आवाजात हजार वेळा ऐकलं असेल, पण त्यांनाही पुढचं आठवेना. बायकोचं गाणं आपण कधी लक्ष देऊन ऐकलंच नाही, हे त्यांनी वैजनाथला एकदाच सांगितलं होतं आणि लगेच विषय बदलला होता.

मग काकाच म्हणाले, की तू लोकांच्या साइटी करतोस, मला एक करून दे. हिची हकिकत लिहून या दोन ओळी टाकू, पुढच्या कुणाला येतात का विचारू. बायांची अशी आणखी गाणी असतील तीही मागवू. वैजनाथने दोन दिवसांत साइट करून दिली. खाली एक फॉर्म केला, आलेलं पत्र काकांच्या ईमेलवर जाईल असा. काकांची अट एकच होती, प्रत्येक पत्राला नंबर पडला पाहिजे. नंबर नसेल तर हरवलेलं कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. वैजनाथ हसला होता, पण तेही करून दिलं होतं.

तेव्हापासून जिन्यात गाठ पडली की काका विचारत, काही आलं का. वैजनाथ म्हणे, नाही काका, लोकांना कुठे वेळ आहे. आधी रोज विचारत, मग आठवड्याला. गेल्या वर्षभरात त्यांनी विचारणं सोडलं होतं. वैजनाथ जिना उतरताना ते फक्त पेपरवरून नजर उचलत आणि पुन्हा खाली घालत.

अकराला सात मिनिटं कमी असताना वैजनाथने जुनी दुसरी अडगळ काढून जागा केली. छत्तीस साइट उभ्या राहिल्या, कॉलेजची यादी लागली, डिरेक्टरीखालचे फोन शांत झाले. एरवी त्याने या वेळेला खाली जाऊन वडापाव खाल्ला असता. आज तो काकांच्या साइटचा फॉर्म उघडून बसला.

चूक शोधायला अर्धं मिनिटही लागलं नाही. फॉर्म करून बघताना त्याने पत्ता म्हणून यंत्राच्या मालकाचीच पेटी घातली होती. काकांचा ईमेल तयार झाला की बदलू, असं म्हणून. काकांचा ईमेल दुसऱ्या दिवशी तयार झाला, त्यावर त्याने फॉर्ममधून न जाता थेट एक पत्र पाठवून बघितलं, ते पोचलं, काका खूश झाले आणि वैजनाथने पाठ फिरवली. अडीच वर्षं लोक लिहीत होते आणि त्यांची पत्रं यंत्राच्या कुरकुरीत पडत होती.

त्याने ती वेगळी काढली. त्रेसष्ट निघाली. नागपूर, वाशिम, नांदेड, पिंपरी, एक तर थेट मस्कतहून. कुणी लिहिलं होतं, आमच्याकडे पाच विहिरी म्हणतात, पण पुढचं येत नाही. कुणी दुसरंच गाणं पाठवलं होतं. कुणी नुसतीच चौकशी केली होती. वैजनाथ वाचत गेला आणि अधूनमधून उठून विनाकारण खोलीत फेऱ्या घालत राहिला. मग ते पत्र आलं.

‘नमस्कार काका. मी गेल्या गणपतीत तुम्हाला विहिरीचं गाणं पूर्ण लिहून पाठवलं होतं. मिळालं का? आजीला कॅफेत घेऊन गेले होते. ती शेजारी बसून हळू आवाजात म्हणत होती आणि मी टाइप करत होते, त्यामुळे माझ्याकडे कागदावर काहीच नाही. आजी संक्रांतीनंतर गेली. मला आता तिसरी ओळ तेवढी आठवते, ती खाली लिहिते. शेवटची आठवत नाही. तुमच्याकडे असेल तर मला परत पाठवाल का? काकूंना नमस्कार. भाग्यश्री, हिंगोली.’

गणपती सप्टेंबरात होते. पेटी त्याने दिवाळीत रिकामी केली होती.

पुढचे दोन तास वैजनाथने ते शोधण्यात घालवले. दर रविवारी सगळ्या साइटची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर जायची. ती त्याने उघडली, तिच्या आधीची उघडली, तिच्याही आधीची उघडली. सगळं होतं. पंचांगवाल्यांची तीन वर्षांपूर्वीची जाहिरातसुद्धा होती. फक्त ती टपालपेटी नव्हती, कारण फालतू जागा खाते म्हणून त्यानेच तिला वगळलं होतं. त्याला स्वतःचा संताप आला आणि करायला काहीच न उरल्यामुळे तो अंगातल्या अंगात फिरत राहिला.

पत्रं छापून तो साडेचारला जिना उतरला. बासष्ट कागद हातात होते. त्रेसष्टावा चार घड्या घालून खिशात. काकांना सांगून काय होणार, असं त्याने जिन्यात स्वतःला समजावलं. जे गेलं ते गेलं, म्हाताऱ्या माणसाला कशाला घोर. हे त्याला पटत नव्हतं, पण पाय उतरत राहिले.

काका दिवाणावर बसले होते. पलीकडे खाटेवर काकू उशीला टेकून खिडकीकडे बघत होत्या. वैजनाथने गठ्ठा पुढे केला आणि सांगितलं, की पत्रं येत होती काका, चुकीच्या पेटीत पडत होती, चूक माझी.

काकांनी चष्मा धोतराच्या सोग्याला पुसला. पहिलं पत्र वाचलं, दुसरं वाचलं. तिसरं हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की वैजनाथला तिकडे बघवेना. मग त्यांनी वाचणं थांबवलं. सगळे कागद दिवाणावर पसरले आणि वरच्या कोपऱ्यातल्या बारीक आकड्यांप्रमाणे भराभर लावायला लागले. बहात्तर वर्षांचा माणूस, पण बोटं पत्त्यांच्या डावासारखी चालली होती. ते आकडे वैजनाथनेच घातले होते आणि तेही तो विसरला होता.

“एकशे अठ्ठेचाळीसपासून सुरू होतंय,” काका म्हणाले.

वैजनाथने वाकून वरच्या कागदाचा आकडा बघितला.

“आधीची कुठं आहेत?”

“पुसली गेली. म्हणजे मी पुसली. पेटी भरली की मी रिकामी करतो. दोनदा केली, न बघता.”

“न बघता,” काकांनी तेवढंच परत म्हटलं. मग कागदांवरून नजर न काढता ते म्हणाले, “चौतीस वर्षांत माझ्या हातून एक पिशवी चुकीच्या स्टेशनात उतरली. दौंडची कुर्डुवाडीला. एकोणीसशे एक्याऐंशी. मला अजून तारीख विचार.”

वैजनाथने विचारली नाही. त्यांची बोटं पुन्हा चालू लागली आणि एका जागी थांबली.

“एकशे नव्वद. एकशे ब्याण्णव.” काकांनी मान वर केली. “मधलं?”

वैजनाथचा हात आपोआप खिशाकडे गेला. काकांनी तो हात बघितला आणि आपला तळवा पुढे केला. वैजनाथने घडी त्यावर ठेवली.

काकांनी पत्र वाचलं. परत वाचलं. रस्त्यापलीकडे गिरणीचा पट्टा फडफडला, मोटर चालू झाली आणि घरघर खोलीत भरली. खाटेवर काकूंनी मान हलवली.

‘माझ्या माहेराच्या वाटं, बाई विहिरी गं तीन...’

“हिला उत्तर पाठव, आजच,” काका म्हणाले. “काय झालं ते लिही. माझ्या नावानं नको, तुझ्या नावानं.”

वैजनाथने मान डोलावली. काकू दुसऱ्या ओळीच्या शेवटाला येऊन अडल्या. हात चादरीकडे गेला. काकांनी कागद वैजनाथपुढे धरला.

“तू म्हण.”

वैजनाथ आयुष्यात कधी गायला नव्हता. शाळेत प्रार्थनेलाही तो नुसते ओठ हलवायचा. खाटेजवळ जाऊन त्याने इंग्रजी अक्षरांतली ती ओळ एकेक शब्द जुळवत, हजेरी घ्यावी तशी वाचली.

“तिसरीच्या काठी बाई, हात देऊन उभं कोण.”

काकूंचा चादरीवरचा हात थांबला. ओठ हलले. मग त्यांनी ती ओळ उचलली, गिरणीच्या सुरात, एकही शब्द न चुकता, जणू ती कधी हरवलीच नव्हती. पुन्हा एकदा म्हटली. दिवाणावर काकांनी चष्मा काढून हातात धरला होता.

ओळ संपली. काकू पुन्हा पहिल्यापासून सुरू करतील म्हणून वैजनाथ वाट बघत उभा राहिला. त्यांनी सुरू केलं नाही. त्यांनी मान वळवली आणि अडीच वर्षांत पहिल्यांदा सरळ त्याच्याकडे बघितलं, आता पुढचं सांग, अशा शांत डोळ्यांनी.

गिरणी चालू होती. वैजनाथने हातातला कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.