हनुवटीखालची ताटली

माणिकराव मास्तरांचं काम सांगायला सोपं होतं, करायला अवघड. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेत, फादर एकेकाच्या जिभेवर ख्रिस्तशरीर ठेवायचे, तेव्हा मास्तरांनी घेणाऱ्याच्या हनुवटीखाली पितळी ताटली धरायची. ती पातळ पांढरी चकती म्हणजे साक्षात प्रभू, तिचा कणसुद्धा भुईवर पडता कामा नये. एकतीस वर्षं मास्तरांनी ताटली धरली आणि एक कण पडू दिला नाही. माणूस तिरसट, पण त्या ताटलीशी इमानी.

मग फादर जीवन आले. तरुण गडी. परभणीहून दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मोटारसायकलवर यायचे, पाठीला कीबोर्ड बांधून. आल्या आल्याच त्यांनी जाहीर केलं, "आता गुडघे टेकायची गरज नाही. उभे राहा, तळहात पुढे करा, हातावर घ्या आणि माझ्यासमोरच खा. मास्तर, ती ताटली ठेवून द्या. खूप वर्षं केलंत, आता आराम करा."

आराम म्हणे! मास्तरांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ज्या हातानं शेण काढायचं त्या हातावर देव घ्यायचा? बरं, फादरांशी भांडावं तर ते गोड हसून म्हणायचे, "मास्तर, हे चर्चला मान्य आहे." मान्य असेल हो, पण मास्तरांना मान्य नव्हतं, त्याचं काय?

त्यांनी थेट बिशपसाहेबांना अर्ज लिहिला. जुनी पद्धत परत आणा, ताटली परत आणा. मग पिशवीत अर्ज आणि शाईची डबी घालून ते अंगठे गोळा करत फिरले. सोनपेठच्या बाजारात, एस.टी. स्टँडवर, कुणाच्या मयतीलासुद्धा. चार महिने त्यांना दुसरं काही सुचलं नाही. बायको म्हणायची, जेवा तरी बसून. मिस्सेत ते भिंतीला टेकून उभे राहायचे आणि लोकांच्या हातांवर डोळा ठेवायचे. एक भानगड सापडू दे, अर्जाला पुरावाच जोडतो, असा सगळा मनसुबा.

कार्तिकातल्या मिस्सेत ती सापडली. नर्मदाबाई पुढं गेली, हातावर घेतलं, "आमेन" म्हणाली आणि पदर तोंडाला लावून बाजूला झाली. फादर पुढच्या माणसाकडे वळले. पण मास्तर एकतीस वर्षं तोंडंच बघत आलेले. हिचं तोंड हललंच नाही. भिंतीकडे वळून तिनं पदराच्या टोकाला काहीतरी बांधलं, गाठ मारली आणि ती गाठ मुठीत धरून गुपचूप बसली.

अरे देवा, प्रभूला पदरात बांधलं! कशाला? कुण्या देवऋष्याला द्यायला? करणीला? मास्तरांना ओरडावं वाटलं, पण त्यांनी जीभ आवरली. हिला मालासकट धरायचं, मग फादरांना बोलायला जागाच राहणार नाही. मिस्सा संपली, फादरांनी पुढच्या गावाकडे गाडी काढली आणि नर्मदाबाई कापसातल्या पायवाटेनं निघाली. मास्तर मागं.

ती एका बागायतदाराच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर राहायची. नवरा मुंजाजी तिथं सालगडी. चर्चच्या वहीत त्याचं नाव योसेफ, पण त्याला स्वतःलाही ते आठवायला वेळ लागायचा. बरेच दिवस तो मिस्सेला दिसला नव्हता. आखाड्यावरच्या कामातनं सवड मिळत नसंल, असं मास्तर धरून चाललेले.

ते पत्र्याच्या दारापाशी पोचले, "नर्मदाबाई!" म्हणून खेकसले आणि उंबऱ्यातच थिजले.

मुंजाजी बाजेवर होता. उजवं अंग मेलेलं, तोंड वाकडं, एका डोळ्यातून पाणी. नर्मदाबाई डोक्यावर पदर घेऊन मातीच्या भुईवर दोन्ही गुडघे टेकून बसलेली. उजव्या हातात चकतीचा मोडलेला तुकडा. आणि डाव्या हातानं नवऱ्याच्या हनुवटीखाली तिनं स्टीलची ताटली धरलेली. अगदी मास्तर धरायचे तशी, गळ्याला टेकवून, जराशी तिरपी.

तिनं वळूनसुद्धा बघितलं नाही. "हळू, मास्तर," ती म्हणाली. "कण पडंल."

एकतीस वर्षांत मास्तरांना असं कुणी बोललं नव्हतं. तिनं तुकडा नवऱ्याच्या जिभेवर ठेवला, मग दुसरा. "ख्रिस्ताचं शरीर," म्हणाली. मुंजाजीच्या वाकड्या तोंडातून "आमेन" आलं, अर्धं. मग तिनं ताटलीत घोटभर पाणी घातलं, बोटानं फिरवलं आणि तेही त्याला पाजलं. थेंब ठेवला नाही.

"हे... हे कधीपासनं?" मास्तरांनी विचारलं.

"नागपंचमीच्या आदल्या दिशी अंगावरून वारं गेलं. उठून बसता येत न्हाई. एकच ध्यास, मला प्रभू पायजे, प्रभू पायजे. लेकरावानी रडायचे."

"चार म्हैने! आन् मला एका शब्दानं सांगितलं न्हाईस? दुखणाइताचं फादरला कळवायचं काम कुणाचं हाय? माजंच ना?"

नर्मदाबाईनं त्यांच्याकडे बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता, नवल होतं. "तुमालाच सांगितलं की, मास्तर. सोनपेठच्या बाजारात. म्हन्लं, घरधनी पडलेत, फादरला घरी धाडा. तुमी म्हन्ले, हो हो, आदी अंगठा लाव. म्या लावला."

मास्तरांनी पिशवीतून अर्ज ओढला. पानं उलटली. तिसऱ्या पानावर निळा अंगठा होता आणि त्याखाली त्यांच्याच वळणदार अक्षरात, नर्मदाबाई मुंजाजी, श्रावण, सोनपेठ. त्यांना सगळं आठवलं. शाईची डबी आठवली, तिचा भेगाळलेला अंगठा आठवला, तिचे ओठ हलत होते तेही आठवलं. ती काय म्हणाली, ते मात्र आठवेना. त्यांनी ते ऐकलंच नव्हतं.

"पुढच्या मिस्सेला वाट बघितली," ती सांगत होती. "फादर घरी आले न्हाईत. शेजारचे बिरदेवाच्या जत्रंहून आले की पयला प्रसाद दुखणाइताला देतेत. मग म्या म्हन्लं, आता हातावरच द्यायलेत, तर घरी न्यायला काय झालं? तवापासनं दर म्हैन्याला आणते." ती थांबली. "पाप झालं का हो, मास्तर? तुमचा चेहरा असा का झालाय?"

झालं होतं, नेमानं बघितलं तर. एरवी मास्तरांनी नेम धडाधड सांगितले असते. आज ते तिसऱ्या पानावरच्या अंगठ्याकडेच बघत राहिले. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना. देवाचा कण पडू नये म्हणून मी गावोगाव हिंडलो, आणि देवाचा अख्खा माणूस पडला, तो मला दिसला नाही!

त्यांनी मोबाइल काढला आणि फादरांना लावला.

"फादर, एक दुखणाईत हाय. मुंजाजी. आखाड्यावर."

"कधीपासून?"

"चार म्हैने झाले."

पलीकडे फादरांचा आवाज चढला. "चार महिने? आणि मला आज सांगताय, मास्तर? म्हणजे त्या माणसाला चार महिने ख्रिस्तशरीर मिळालंच नाही?"

नर्मदाबाईनं दाराची चौकट धरली होती. तिचा चेहरा पांढराफटक पडलेला. मास्तरांच्या एका हातात फोन, दुसऱ्या हातात अर्ज. हवा होता तो पुरावा समोर उभा होता. एक वाक्य बोललं की ताटली परत मिळाली असती.

"मिळालं, फादर," मास्तर म्हणाले. "दर म्हैन्याला मिळालं. कसं मिळालं ते तुमी आल्यावर मी सांगतो, तिला इचारू नका. ते काम माजं होतं. मी केलं न्हाई."